निजायच्या खोलीतला संगणक आणि त्याच्या पंख्याचा आवाज



माझ्या व्याख्यानाचा विषय फलकावर लागला तेव्हा दोघा-तिघा स्नेह्यांनी मला वाटेत थांबवून विचारले, "अहो, काल अर्थकारणावर व्याख्यान झाले, उद्या ज्ञानेश्वरीवर आहे; आणि मधल्या दिवशी तुम्ही संगणकाच्या पंख्यावर तासभर बोलणार?" विषय लहान आहे हे मला मान्य आहे. परंतु तो ज्याच्या उशाशी रात्रभर घोंघावत असतो त्याला तो लहान वाटत नाही, आणि अशी घरे आज आपल्या गावात पुष्कळ आहेत. आपल्या घरांत खोल्या मोजक्या, माणसे त्यांहून अधिक. तेव्हा संगणकाला स्वतंत्र खोली कोठून मिळणार? तो येतो तो निजायच्या खोलीतच, आणि एकदा आला की तेथेच मुक्काम ठोकतो.

आमच्या घरी हा प्रश्न उपटला तो असा. माझा पुतण्या वास्तुशास्त्राच्या शिक्षणासाठी आमच्याकडे राहावयास आला. त्याने संध्याकाळी इमारतीचे आरेखन करून संगणकाच्या स्वाधीन करावे, आणि त्या इमारतीवर ऊन कसे पडेल, सावल्या कोठे जातील याचा हिशेब करीत संगणकाने रात्रभर चित्र रंगवावे, असा त्याचा अभ्यासक्रम. आतल्या खोलीत माझी आई निजते. यंत्रही तेथेच ठेवले होते. आईचे वय त्या वेळी एकोणऐंशी. तिला दारावरची घंटा ऐकू येत नाही, त्यामुळे यंत्राचा त्रास तिला होणार नाही असे आम्ही सर्वांनी धरून चाललो, आणि विचारले तेव्हा तीही म्हणाली, "मला कुठं ऐकू येतंय? चालू दे त्याचा अभ्यास." पुढे डिसेंबरातल्या एका रात्री दोनच्या सुमारास वीज गेली. मी उठून मेणबत्ती शोधीत होतो. अंधारातून आईचा आवाज आला, "आत्ता बरं वाटलं." मग हळूहळू कळले की गेले दोन महिने ती पहाटेपर्यंत गॅलरीत खुर्ची टाकून बसत असे, आणि आम्ही उठायच्या आत पुन्हा अंथरुणावर येऊन पडत असे. नातवाच्या अभ्यासात आपली अडचण नको, एवढेच त्यामागे.

घंटा ऐकू न येणाऱ्या बाईला पंख्याची घरघर कशी ऐकू येते, हे मला त्या रात्री कोडेच वाटले. वस्तुतः त्यात कोडे काही नाही. वयाबरोबर कान मंदावतात ते प्रथम उंच स्वरांना. घंटेची किणकिण हरवते, पाखरांची चिवचिव हरवते; खालच्या पट्टीतली घरघर मात्र बराच काळ शाबूत राहते. म्हणजे जो आवाज आम्ही तिच्यासाठी निरुपद्रवी मानला होता, नेमका तोच तिच्या वाट्याला आला होता.

आता त्या आवाजाचे मूळ पाहू. संगणकाला पंखा लागतोच कशाला? मिक्सरने चटणी वाटली जाते, पंपाने पाणी वर चढते. तेथे विजेचे काही काम झालेले आपल्याला दिसते. संगणकाने कितीही मोठा हिशेब केला तरी त्याच्या पोटात गेलेली जवळजवळ सगळी वीज अखेर उष्णता होऊन बाहेर पडते. पुतण्याचे यंत्र भर कामात असताना सुमारे दोनशे वॅट वीज घेई. पूर्वी आपल्या घरांत शंभर वॅटचे पिवळे दिवे असत, ते आठवा. असे दोन दिवे एका पत्र्याच्या पेटीत रात्रभर लावून ठेवावेत, तशी ही गोष्ट. त्यातून त्या उष्णतेचा मोठा वाटा अंगठ्याच्या नखाएवढ्या चकतीत निर्माण होतो. या चकत्या साधारण ९५ ते १०० अंश सेल्सिअसपर्यंत तापल्या की स्वतःचा जीव वाचवण्यासाठी आपण होऊन काम मंदावतात. तेव्हा उष्णता बाहेर नेलीच पाहिजे.

किती हवा लागेल याचा हिशेब अगदी सोपा आहे. एक घनमीटर हवा एक अंशाने तापवायला सुमारे १,२०० जूल उष्णता लागते. दहा अंशांनी तापवायला १२,०००. दोनशे वॅट म्हणजे सेकंदाला दोनशे जूल, मिनिटाला १२,०००. म्हणजे पेटीतून बाहेर पडणारी हवा आत येणाऱ्या हवेपेक्षा दहाच अंश अधिक तापलेली असावी असे वाटत असेल, तर मिनिटाला एक घनमीटर हवा पेटीतून गेली पाहिजे. आपल्या इमारतींच्या गच्चीवर हजार लिटरच्या काळ्या टाक्या असतात, तेवढी एक टाकी भरून हवा, दर मिनिटाला. हे ऐकावयास फार वाटते. परंतु तळहाताएवढा, १२० मिलिमीटरचा चांगला पंखा मोकळ्या हवेत मिनिटाला सातशे-आठशे फेऱ्यांवरच एवढी हवा हलवतो, आणि तेव्हा त्याचा आवाज जवळ कान नेल्याशिवाय कळत नाही. मग आमच्या घरातले यंत्र का घोंघावत होते? त्याकडे येतोच, पण आधी थोडा इतिहास सांगतो, कारण पंखाच नको असे म्हणणारेही होऊन गेले आहेत.

आयबीएम कंपनीने १९८१ साली आपला पहिला वैयक्तिक संगणक काढला तेव्हा त्याच्या वीजपुरवठ्याची सारी ताकद ६३.५ वॅट होती. पंखा होता तो त्या वीजपुरवठ्याच्या डब्यात, मुख्य चिपेला स्वतःचा पंखा नव्हता. त्याच्या एकच वर्ष आधी अ‍ॅपल कंपनीचा तिसरा संगणक आला. स्टीव्ह जॉब्स यांना पंख्याचा आवाज मुळीच खपत नसे, म्हणून त्यात पंखा ठेवला नाही. ती यंत्रे तापत, चिपा आपल्या खाचांतून सैल होत, आणि यंत्र टेबलावरून थोडे उचलून खाली आपटा म्हणजे त्या पुन्हा बसतील असा सल्ला गिऱ्हाइकांना दिला जाई, अशी कथा सांगतात. १९८४ सालचा पहिला मॅकिंटॉशही बिनपंख्याचा होता. २००० साली त्याच कंपनीने घनाकृती संगणक काढला. त्यात तापलेली हवा चुलीच्या धुराड्यासारखी वरून आपोआप निघून जाई. यंत्र देखणे होते, पण २००१ साली ते बंद करावे लागले. २०२० च्या नोव्हेंबरात मात्र याच कंपनीने पंखा नसलेला जो हलका लॅपटॉप काढला तो चांगला चालला, कारण त्याची चिपच मुळी फार थोडी वीज खाणारी होती. चाळीस वर्षांच्या या खटाटोपातून एवढे दिसते की आधी उष्णता कमी झाली आणि मग पंखा गेला, तर यंत्र जगते; आधी पंखा काढला तर ते आपटण्याची पाळी येते.

आता आवाजाकडे वळू. पंख्याचा म्हणून जो आवाज आपण ऐकतो तो एक नसून दोन-तीन आवाजांची मिसळ असते. पहिला, पात्यांचा सूर. पंख्याला सात पाती आहेत आणि तो मिनिटाला बाराशे फेरे घेतो असे धरा. सेकंदाला वीस फेरे, वीस साते एकशे चाळीस. म्हणजे सेकंदाला १४० कंपनांचा एक खर्जातला सूर निघतो. तोच चाळीस मिलिमीटरचा इवलासा पंखा मिनिटाला सहा हजार फेरे घेऊ लागला की सातशे कंपनांची शिट्टी होते. मध्यम आणि उंच पट्टीला आपला कान अधिक तिखट असतो, म्हणून लहान पंखा मोठ्या पंख्यापेक्षा अधिक बोचतो. दुसरा आवाज हवेच्या खळबळीचा, ओढ्याच्या पाण्यासारखा. पात्याच्या जवळच जाळी, वायरींचा गुंता किंवा पत्र्याची कड आली की ही खळबळ वाढते. तिसरा आवाज बेअरिंगचा आणि थरथरीचा. बेअरिंगमधले तेल सुकले की पंखा किरकिरू लागतो, आणि त्याची थरथर पेटीला, पेटीची टेबलाला पोहोचते. शाळेतला ध्वनिकाटा आठवा. हातात धरला तर जेमतेम ऐकू येतो. त्याचा दांडा बाकावर टेकवला की साऱ्या वर्गाला ऐकू जातो. आपले टेबल हे त्या बाकाचेच काम करीत असते.

यांत आणखी एक गंमत आहे. दोन पंखे सारखे असूनही त्यांची गती किंचित वेगळी असली, तर एकाचा सूर १४० आणि दुसऱ्याचा १३७ असे काहीतरी होते, आणि मग सेकंदाला तीनदा आवाज फुगतो आणि ओसरतो. तानपुऱ्याच्या जोडीच्या तारा पुरत्या मिळालेल्या नसताना जी लाट उठते तीच ही. तानपुरा लावणारा त्या लाटेवरून खुंटी पिळतो; झोपू पाहणारा मात्र ती मोजत बसतो. एकसुरी आवाजाची कानाला सवय होते, चढउतार करणाऱ्या आवाजाची होत नाही.

आवाज मोजतात डेसिबलमध्ये, आणि या मापाची चाल साधी नाही. दहा डेसिबल वाढले की आवाजाची शक्ती दहापट होते, पण कानाला मात्र आवाज सुमारे दुप्पट झाल्यासारखा वाटतो. एकसारखे दोन आवाज एकत्र आले तर दुप्पट डेसिबल होत नाहीत. फक्त तीनची भर पडते. जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ साली जी मार्गदर्शक मर्यादा दिली तीत निजायच्या खोलीतला सततचा आवाज तीस डेसिबलच्या आत असावा असे म्हटले आहे. आपल्या देशाच्या २००० सालच्या नियमांत निवासी भागात रात्री घराबाहेर पंचेचाळीस डेसिबलची मर्यादा आहे. ती कितपत पाळली जाते हे गणेशोत्सवात आणि लग्नसराईत आपण अनुभवतोच.

आता ज्या गणितावर माझ्या आजच्या बोलण्याची सारी भिस्त आहे ते सांगतो. पंखा अर्ध्या गतीने फिरवला तर हवा अर्धी होते. यात नवल नाही. पण आवाज पंधरा डेसिबलांनी उतरतो! म्हणजे पस्तीस डेसिबलचा पंखा एकदम वीसवर येतो, ऐकू येण्याच्या काठावर. पंख्याच्या आवाजाची शक्ती ढोबळमानाने गतीच्या पाचव्या घाताप्रमाणे बदलते, त्याचा हा परिणाम. मग हवा अर्धी झाली त्याचे काय? तसाच दुसरा पंखा शेजारी बसवा. दोघे अर्ध्या गतीने मिळून पहिल्याइतकीच हवा नेतील. आवाजात तीन डेसिबलची भर पडेल. तरी पंधरातून तीन वजा जाता बाराचा फायदा उरलाच. आवाज कमी व्हावा म्हणून आणखी एक पंखा बसवा, असे मी पुतण्याला सांगितले तेव्हा माझे वय झाले असे त्याला वाटले असावे. मी त्याला कागदावर हे गणित करून दाखवले.

पंखा मोठा घेतला तर फायदा याहून अधिक. ऐंशी मिलिमीटरचा पंखा काढून त्याच घडणीचा एकशेवीसचा बसवला, तर तीच हवा नेण्यासाठी त्याला तीन दशांशाहूनही किंचित कमी गती पुरते; चोवीसशे फेऱ्यांचे काम सातशे-सव्वासातशेत होते. मात्र येथे एक अडचण आहे, आणि दुकानदार ती सांगत नाहीत. असा मोठा मंद पंखा हवा पुष्कळ नेतो, पण तिला ढकलण्याचा त्याचा जोर लहान घाईच्या पंख्याच्या एकपंचमांशच उरतो. वाट मोकळी असेल तर तो उत्तम. वाटेत घट्ट विणीची जाळी आणि धुळीचा थर असेल तर तो नुसता फिरत राहतो आणि हवा जागची हलत नाही. म्हणून मोठा पंखा आणि मोकळी वाट या दोन्ही गोष्टी बरोबरच साधाव्या लागतात.

वाट मोकळी करणे, हेच काम आमच्या घरी पहिल्या रविवारी झाले, आणि त्याला एक पैसाही लागला नाही. संगणकाच्या टेबलाला खाली एक कप्पा असतो. त्यात कॅबिनेट ठेवण्याची पद्धत आहे. मागे प्लायवूड, बाजूला प्लायवूड, पुढे काही घरी दारही. यंत्र जी गरम हवा मागून सोडते तीच फिरून पुढून आत ओढते, आणि पंखा बिचारा उकडत्या हवेने थंड करण्याची पराकाष्ठा करीत राहतो. आम्ही कॅबिनेट त्या कप्प्यातून बाहेर काढले, एका पाटावर ठेवले, भिंतीपासून वीत-दीड वीत लांब. कोपरा मात्र टाळला, कारण दोन भिंती आणि जमीन मिळून खर्जाचा आवाज वाढवतात. पाटाखाली सायकलच्या जुन्या ट्यूबचे दुहेरी तुकडे घातले. जमिनीची थरथर गेली ती त्या तुकड्यांनी.

मग झाकण उघडले. आत जे दिसले त्याचे वर्णन मी करणार नाही. स्वयंपाकघर शेजारी असलेल्या घरातल्या धुळीला फोडणीचा ओशटपणा असतो एवढेच सांगतो. उष्णता पसरवणाऱ्या धातूच्या पट्ट्यांमध्ये, ज्याला दुरुस्तीवाले हीटसिंक म्हणतात त्यात, गोधडीच्या कापसासारखा थर बसला होता. तो मऊ कुंचल्याने आणि ब्लोअरने काढला. ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवावीत. ती वाऱ्याने भलत्या वेगाने फिरली तर बेअरिंगला अपाय होतो. यंत्राची पिन आधी भिंतीतून काढलेली असावी हे सांगावयास नकोच. पण एक गोष्ट बजावून सांगतो. वीजपुरवठ्याचा जो बंद डबा असतो, एसएमपीएस म्हणतात तो, घरी उघडू नये. पिन काढल्यावरही त्यातल्या कपॅसिटरमध्ये जबर झटका बसेल इतकी वीज साठून राहू शकते. त्याचा पंखा किरकिरत असेल तर तो डबाच जाणत्याकडून बदलून घ्यावा. चिप आणि हीटसिंक यांच्यामध्ये एक मलम असते, थर्मल पेस्ट. आमच्याकडे ते वाळून खडूसारखे झाले होते. ते पुसून नवे लावले, वाटाण्याएवढे.

एवढ्यावर बराच फरक पडला, पण आईची झोप अजून परतली नव्हती. आवाज उतरला होता, तरी तो मध्येच चढे आणि पुन्हा उतरे. चिपेचे तापमान क्षणाक्षणाला बदलते, आणि पंख्याला दिलेला हुकूम असा असतो की तापमान वाढले की लगेच धाव. हा हुकूम बदलता येतो. यंत्र सुरू होताना बायॉस नावाचे जे पान उघडता येते त्यात किती तापमानाला किती गती हे ठरवून देता येते, आणि गती बदलण्यापूर्वी काही सेकंद थांब असेही सांगता येते. अलीकडच्या पंख्यांना चार तारा असतात: दोन विजेच्या, तिसरी गती कळवणारी आणि चौथी गती ठरवणारी. या चौथ्या तारेवरून सेकंदाला पंचवीस हजार ठोके जातात. माणसाचा कान वीस हजारांच्या वर ऐकत नाही, म्हणून त्या ठोक्यांचा स्वतःचा आवाज होत नाही. आम्ही पंख्याला साठ अंशांपर्यंत एकाच संथ गतीने चालण्याचा आणि पुढेही सावकाश चढण्याचा हुकूम दिला.

त्यानंतरची युक्ती पुतण्याने शोधली, आणि ती माझ्या सर्व युक्त्यांहून सरस ठरली हे मी येथे प्रामाणिकपणे सांगतो. त्याने उष्णताच कमी केली. चिप जी वीज खाते ती तिच्या कामाच्या वेगाच्या पटीत आणि विद्युत्दाबाच्या वर्गाच्या पटीत बदलते. दाब एकदशांशाने उतरवला तर तेवढ्याच वेगावर वीज शंभराची एक्क्याऐंशी होते. शिवाय चिपेचा शेवटचा वेग फार महागात पडतो. थोड्याशा वेगासाठी ती पुष्कळ वीज जाळते. त्याने वीज खाण्याची कमाल मर्यादा आखून दिली. जे चित्र पाच तासांत होई त्याला साडेपाच लागू लागले. झोपलेल्या माणसाला त्या अर्ध्या तासाचे काय? ज्यांच्या घरी मुले संगणकावर खेळ खेळतात त्यांनी पडद्यावरच्या चित्रांची गती सेकंदाला साठवर बांधून द्यावी. डोळ्यांना फारसा फरक कळत नाही आणि ग्राफिक कार्डाचा पंखा शांत होतो. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कचीही एक घरघर असते. मिनिटाला ७,२०० फेरे, म्हणजे सेकंदाला १२० कंपने. ती काढून एसएसडी बसवली की तो आवाज कायमचा जातो.

जे फसले तेही सांगितले पाहिजे. कोणीतरी सुचवले म्हणून आम्ही कॅबिनेटला आतून इंचभर स्पंजचे अस्तर लावले होते. एकशे चाळीस कंपनांच्या ध्वनिलहरीची लांबी जवळजवळ अडीच मीटर. तिच्यापुढे इंचभर स्पंज म्हणजे पुरापुढे चाळण. उलट हवेची वाट मात्र अडली, पंखा जोरात धावू लागला, आणि अस्तर काढल्यावर आवाज उतरला. त्याहून वाईट उपाय गोधडीचा. यंत्रावर गोधडी किंवा जाड अभ्रा टाकणे, किंवा लॅपटॉप गादीवर ठेवून वापरणे, हे धोक्याचे आहे. लॅपटॉप बहुधा पोटाखालून श्वास घेतो; गादीत तो रुतला की गुदमरतो, पंखा ओरडतो, आणि बॅटरीही तापते. त्याच्याखाली पाट किंवा ताट काहीही कडक ठेवावे, मागची कड दोन बोटे उचलून. कॅबिनेटचे झाकण उघडे ठेवण्याचाही एक प्रकार आहे. त्याने गारवा कधी मिळतो, कधी मिळत नाही; आवाज मात्र अडवणारा पत्रा जातो आणि पालीला घर मिळते.

आपल्या हवेविषयी एक गोष्ट वेगळी सांगितली पाहिजे, कारण पंख्यांच्या परीक्षणांत जे आकडे येतात ते बहुधा थंड खोल्यांतले असतात. चिप पंचाऐंशी अंशांच्या आत ठेवायची आहे असे धरा. खोली पंचवीस अंशांवर असेल तर हाताशी साठ अंशांचे अंतर आहे. वैशाखात खोली चाळीसवर गेली की अंतर पंचेचाळीसच उरते. तीच उष्णता नेण्यास ढोबळमानाने तिसऱ्या हिश्श्याने अधिक हवा लागते, आणि तेवढी गती वाढवली की आवाज सुमारे सहा डेसिबल चढतो. यंत्रात काही बदललेले नसते. ऋतू बदललेला असतो. असे असूनही तक्रार येते ती हिवाळ्यात! कारण उन्हाळ्यात डोक्यावर छताचा पंखा गरगरत असतो आणि त्याच्या आवाजाखाली संगणकाचा आवाज बुडून जातो. डिसेंबरात छताचा पंखा बंद झाला की खालचा आवाज उघडा पडतो. आमच्या आईचे गॅलरीत बसणे ऑक्टोबरची उष्णता संपल्यावर सुरू झाले होते, याचा उलगडा मला असा झाला. हे ध्यानात घेऊन ज्यांना पंख्यांवर खर्च करावयाचा आहे त्यांनी खरेदी उन्हाळ्याच्या हिशेबाने करावी आणि कान देऊन परीक्षा हिवाळ्यात घ्यावी. मोबाइलवरच्या आवाजमापकावर मात्र विसंबू नये; फार हळू आवाज मोजण्याची त्याची ताकद नसते. रात्री दिवे मालवून उशीवर डोके टेकून ऐकावे. मोजायचे ते अंथरुणातून.

एवढे सर्व करून भागत नसेल तर यंत्र खोलीबाहेर न्यावे आणि तारा आत आणाव्यात, हा राजमार्ग आहे. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट केले की आवाज सहा डेसिबल उतरतो. बंद खोलीत भिंती आवाज परतवतात म्हणून तितका फायदा मिळत नाही, पण मधे एक दार आले तर पुष्कळच मिळतो. कळफलकाची साधी यूएसबी तार पाच मीटरपर्यंत चालते. आमच्याकडे बाहेरच्या बोळात जागा नव्हती, म्हणून यंत्र आतच राहिले.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात दोन मोठे पंखे आले, जुना लहान पंखा निघाला, आणि त्या रात्री पुतण्याचे एक मोठे चित्र पहाटेपर्यंत चालले होते. सकाळी मी आईला विचारले, झोप लागली का? ती म्हणाली, "झोप लागली होती रे. पण तीन वाजता जाग आली. मोरीतला नळ ठिबकतोय, तो कधीपासून?" नळ वर्षभर ठिबकत असावा. मोठा आवाज लहान आवाजाला झाकून ठेवतो. मोठा गेला की लहान पुढे येतो. त्याच दिवशी नळाचा वॉशर बदलला. साडेतीन रुपये पडले.